शेजारणीचा जबाब

"शिस्टरीक बंदूक देवची काय नको, तां तुमी सांगा विश्रामभाऊ," कुबल हवालदार म्हणाला.

तो माझ्या पडवीतल्या बाकावर बसून माझ्याच घरचं कोकम सरबत पीत होता. मी घसा साफ केला, पान जुळवलं, सुपारी कातरली. सरकार आपल्याला काही विचारतंय असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात कितीदा येतो? तो चवीनं घ्यावा.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं होतील. आमची वाडी घाटाच्या पायथ्याशी, सावंतवाडीपासून एस.टी.नं दीड तास. अकरा घरं आणि चार बंदुका. माकडं आणि रानडुकरं बाग ठेवत नाहीत म्हणून सरकार शेतकऱ्याला शेती राखण्यासाठी बंदुकीचा परवाना देतं. माझी बंदूक वडलांकडून आलेली, ठासणीची. नळीत वरून दारू आणि छरे ओतायचे, लोखंडी गजानं ठासायचे, घोड्याखाली केप म्हणजे ती एवढीशी टोपी बसवायची आणि मग झाडायची. दहा वर्षांत तिनं एक डुक्कर लोळवलं होतं, तेही आधीपासून लंगडत होतं. पण बंदूकवाल्याला ग्रामसभेत खुर्ची मिळते, बाकीचे सतरंजीवर बसतात. हा फायदा कागदावर कुठे लिहिलेला नसतो.

भोरे सिस्टर आदल्या वर्षी आमच्या शेजारी आली होती. घाटावरची बाई. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, उंच, आवाज खणखणीत. आयुष्यभराची कमाई घालून तिनं बागव्यांची केळी-पोफळीची बाग घेतली, तेव्हा वाडीनं पैजा लावल्या होत्या की पावसाळा संपायच्या आत बाई पळते. बाई पळाली नाही. पण पहिल्या वर्षीची केळी माकडांनी खाल्ली आणि सुरण डुकरांनी उकरला. माझ्या बायकोला, जयवंतीला, तिनं सांगितलं होतं की अजून एक हंगाम असा गेला तर बाग विकून भाचीच्या दारात जाऊन बसावं लागेल. म्हणून तिनं परवान्याचा अर्ज केला होता, आणि अशा अर्जावर शेजाऱ्याचा जबाब लागतो. माझ्या एका अंगाला व्हाळ म्हणजे ओढा, दुसऱ्या अंगाला ती. तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला जंगल. तेव्हा तिची बाग राहणार की जाणार, हे माझ्या सहीवर होतं.

"आठ दिवस दे," मी हवालदाराला म्हटलं. "बंदूक म्हणजे खेळ नव्हे. माणूस पारखून घ्यावा लागतो."

हवालदार उठता उठता म्हणाला की माझाही परवाना नव्यानं करायची वेळ आली आहे, आणि तालुक्याला आलेल्या नव्या साहेबाला त्यालाही शेजाऱ्याचा जबाब हवा आहे, तो कागद तो सिस्टरकडे देऊन आला आहे. मी हसलो. माझ्या घरात बंदूक तिसऱ्या पिढीला नांदत होती, माझ्याबद्दलचा जबाब म्हणजे नुसता उपचार. शिवाय तिचा कागद माझ्या हातात असताना ती वाकडं लिहील कशी? अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात हरी कोण ते मला लगेच कळलं, दुसऱ्या पात्राचा विचार मी केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी परीक्षेला लागलो. आधी बाई पिते का ते बघायचं. ती गावात गेली असताना तिच्या घरामागचा कचऱ्याचा खड्डा काठीनं ढवळून पाहिला. डेटॉलच्या तीन बाटल्या निघाल्या आणि एक खोकल्याच्या औषधाची. मग राग. बंदूकवाल्याचा राग तपासायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी आमच्या दोन बागांमधल्या कुंपणाची काटेरी फांदी बाजूला केली आणि आमची तांबू गाय तिच्या चवळीत सोडली. तासाभरानं आरडाओरडा ऐकू येईल म्हणून पडवीत येऊन बसलो, तर दुपारी बाई स्वतः दावं धरून गाय घेऊन आली. गायीच्या पुढच्या पायाला पांढरंशुभ्र बँडेज.

"खुरात काटा होता. आत पिकला होता," ती म्हणाली. "तुम्हाला दिसला नव्हता का?"

मला दिसला नव्हता. चार ओळी चवळी गेली, कुंपण उद्या नीट करून घ्या, एवढं सांगून ती परत गेली. मला वाईट वाटलं. ती चार शब्द बोलली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

उरला हाताचा नेम. हात कापतो का ते बघायला मी चक्कर येते म्हणून तिच्याकडे गेलो. तिनं मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला. हात दगडासारखा स्थिर. मी तिच्या बोटांकडे बघत होतो आणि ती काट्याकडे.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "राग फार येतो का तुम्हाला?"

मला हसू आलं. तिला म्हटलं, माझ्याइतका थंड माणूस पंचक्रोशीत नाही. घरात काही वाद निघाला तर मी आवाज चढवत नाही, हात उगारायची तर गोष्टच सोडा. गुपचूप बंदूक खाली काढतो, मांडीवर घेतो आणि तेलाच्या फडक्यानं पुसत बसतो. अर्ध्या तासात सगळं शांत.

"सगळं म्हणजे? तुम्ही, की घर?"

"दोन्ही," मी म्हटलं. मला वाटलं, बाईला माझी रीत आवडली.

"आणि तेव्हा ती भरलेली असते?"

"छे हो. रिकामी."

तिनं पट्टा सोडला, गुंडाळून डब्यात ठेवला आणि तालुक्याहून गोळ्या आणून देते म्हणाली. घरी येऊन मी जयवंतीला सांगितलं की बाई तशी ठीक आहे, पण प्रश्न फार विचारते. जयवंती भाकऱ्या थापत होती. ती फारसं बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी सिस्टर गोळ्या घेऊन आली. मी तिला पडवीत बसवलं. माझी बंदूक तिथेच भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी असे, येणाऱ्याची नजर पहिली तिच्यावर पडावी अशी. सिस्टरचीही पडली. बघू का, म्हणाली. मी मोठ्या कौतुकानं काढून दिली. म्हटलं, शिकायची असेल बाईला.

तिनं आधी घोडा वर केला. त्याखालची केप नखानं काढून बाकावर ठेवली. मला आश्चर्य वाटलं. केप आत राहिली होती हे मला माहीत नव्हतं. मग बंदूक जमिनीवर उभी टेकवून, तोंड बाजूला करून, तिनं गज नळीत सोडला. नळी रिकामी असेल तर गज पुरता आत जातो आणि नळीच्या तोंडाशी सपाट बसतो. हा चार बोटं वर राहिला.

"भरलेली आहे," सिस्टर म्हणाली.

तेव्हा जयवंती चहा घेऊन दारात उभी होती. कपातला अर्धा चहा बशीत गेला. "कधीपासून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, असेल दसऱ्यापासून. किंवा त्याच्या आधीच्या शिमग्यापासून, कोण लक्षात ठेवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे सगळेच भरून ठेवतात. ठासायला पाच मिनिटं लागतात आणि माकड पाच मिनिटं थांबत नाही. मग माकड पळतं, बार नळीतच राहतो, माणूस विसरतो. चारही बंदूकवाल्यांच्या घरी हीच पद्धत होती, आणि चौघेही विचारणाऱ्याला रिकामी म्हणूनच सांगत. मी हे दोघींना समजावून सांगितलं.

सिस्टर म्हणाली, "आमच्या कॅज्युअल्टीला अशा बंदुकीचे तीन पेशंट आले होते. आणणारे तिन्ही वेळा हेच सांगत होते, रिकामी होती म्हणून."

गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, असं सांगून ती निघून गेली. चहा प्यायली नाही. बंदूक मी तशीच परत खुंट्यांवर ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पडवीत, माझ्या बायकोसमोर, माझ्या वडलांच्या बंदुकीत गज घालून मला शिकवते? आठव्या दिवशी हवालदार आला तेव्हा माझा जबाब तयार होता. तो मला अजून तोंडपाठ आहे. "अर्जदार बाई एकटी राहते. घरात पुरुष माणूस नाही. बंदुकीसारखी वस्तू सांभाळायला घरात जबाबदार माणूस लागतो. सबब माझी हरकत आहे." हवालदारानं विचारलं की बाईत काही खोट दिसली का. खोट नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी सांगितलं. मी हे रागानं केलं नाही, असं स्वतःलाही सांगितलं. दोघांनाही ते पटलं असावं.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या नजरेला आली, पण डोक्यात शिरली नाही. जयवंती पडवीतून ये-जा करीनाशी झाली. पाण्याला जायचं तर मागच्या दारानं, तुळशीला जायचं तरी घराला वळसा घालून. मला वाटलं, काहीतरी व्रत धरलं असेल. बायका धरतात.

पुढच्या पंधरवड्यात एका बाजारच्या दिवशी मी दोडामार्गाहून अकराच्या गाडीनं परत आलो, तर पडवीत कुबल हवालदार. बंदूक खुंटीवरून खाली आलेली, नळीतला बार काढून बाकावर ठेवलेला, आणि तो ती गोणपाटात गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला की साहेबानं परवाना थांबवला आहे, बंदूक ठाण्यात जमा करायची आहे.

"कशावरून?"

"शेजाऱ्याच्या जबाबावरून," तो म्हणाला. पुढेही काही सांगत होता, पण ते ऐकायला मी थांबलो नाही. कुंपण ओलांडून तसाच सिस्टरच्या बागेत गेलो. ती शिडीवर चढून केळीच्या घडांना पोती बांधत होती. मी खालूनच सुरू झालो. गायीची चवळी, बत्तीस वर्षांची नोकरी, घाटावरची माणसं, जे तोंडाला येईल ते बोललो. खोटा जबाब दिलात, सूड घेतलात, असंही म्हटलं. तिनं हातातली गाठ पुरी बांधली, मग खाली उतरली.

"तुम्ही माझ्याबद्दल काय लिहून दिलंत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमच्याबद्दल काय लिहिलं ते वाचा."

तिनं घरातून कागदाची नक्कल आणून दिली. दवाखान्यातल्या माणसाची सवय, प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायची. अक्षर वळणदार होतं.

"श्री. विश्राम राऊळ यांना मी एक वर्ष ओळखते. बंदुकीबद्दल सांगता येईल इतका माणूस वर्षात कळत नाही. त्यांच्या पत्नी सत्तावीस वर्षं त्या बंदुकीच्या घरात राहत आहेत. आधी त्यांना विचारावं. त्या सांगतील तोच माझा जबाब समजावा."

मी दोनदा वाचलं. माझ्याविरुद्ध त्यात एक अक्षर नव्हतं.

"मग काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते हवालदाराचं काम," ती म्हणाली आणि परत शिडीवर चढली.

तिच्या बागेपासून माझ्या पडवीपर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मी स्वतःची समजूत घालत होतो की घोटाळा झाला, हवालदारानं वेगळंच लिहिलं, जयवंती माझ्याविरुद्ध बोलणारी बाई नव्हे. पडवीत पोचलो तर ती खांबाला टेकून उभी होती. कितीतरी दिवसांनी पडवीत.

"काय सांगितलंस तू ह्याला?"

मला वाटलं होतं ती खाली बघेल. तिनं बघितलं नाही.

"सगळा सांगलंय," ती म्हणाली. "सुगंधान कोल्हापूरचा डी.एड. सोडल्यान, तां पण सांगलंय."

सुगंधा आमची एकुलती मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिला कोल्हापूरला मास्तरणीच्या कोर्सला जायचं होतं, आणि मी तिच्यासाठी वेंगुर्ल्याकडचं स्थळ पाहिलं होतं. मी तिला एका शब्दानं दटावलं नव्हतं. ती आपण होऊन म्हणाली, बाबा सांगतील तसं. मुलगी किती समंजस निघाली ते मी लग्नात प्रत्येक पंगतीला सांगितलं होतं.

"त्या दिवशी तुमी बंदूक मांडयेर घेतलेलास," जयवंती म्हणाली. "काय एक बोललास नाय. पुसत रवलास. पोर माझ्याकडे बघी, नळयेकडे बघी. मगे म्हणाला, बाबा सांगतत तसा. माका वाटा, रिकामी आसा. इतकी वर्सा तुमीच सांगलास, रिकामी आसा म्हणान. आता कोणाक म्हायत, त्या दिवशी रिकामी होती काय नाय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मार्गशीर्षाचे दिवस होते, माकडं पोफळीवर उतरायची वेळ. त्या दिवसांत बार भरलेलाच असतो.

"मी नुसता पुसत होतो," मी म्हटलं.

"व्हय. तुमी पुसत होतास," ती म्हणाली. "आणि आमी गप बसलंव."

मला तेव्हा लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. आधी वाटला तो राग. हात आपोआप भिंतीकडे गेला, आणि भिंतीवर दोन रिकाम्या खुंट्या होत्या. त्यानंतर जी लाज वाटली ती आजही तशीच आहे. पोरीची नजर मला खरंच आठवत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, फडक्याकडे पाहत होतो.

हवालदार बिचारा गोणपाटाची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होता. सरकारी माणसाला दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकायचा पगार मिळत नाही. तो निघाला तसं जयवंतीनं त्याला थांबवलं आणि मला म्हणाली, "शिस्टरीचो कागद. तो पण आत्ता नीट करा."

मी हवालदाराकडून पेन घेतलं. हरकत मागे घेत आहे, असं लिहून सही केली. कारण लिहायला लागतं, तो म्हणाला. मी बराच वेळ विचार करून लिहिलं, "शेजारीण खात्रीची आहे." पुढे सहा महिन्यांनी सिस्टरला परवाना मिळाला, बाग राहिली. तिची काडतुसाची बंदूक लोखंडी कपाटात असे आणि काडतुसं वेगळ्या डब्यात. त्या डब्याची किल्ली तिनं आमच्या घरी ठेवायला दिली. माझ्याकडे नव्हे, जयवंतीकडे. पण ते पुढचं.

त्या दिवशी हवालदार पायवाटेनं दिसेनासा झाला, आणि मी बाकावर बसलो. वाटलं, झालं ते झालं, आता जयवंती जेवणाची पानं घेईल. सत्तावीस वर्षांच्या संसारात आमचं एकही भांडण झालं नाही, हे मी चार लोकांत छाती पुढे काढून सांगत असे, आणि लोकही त्यांच्या बायकांना आमचं उदाहरण देत.

जयवंतीनं पदर खोचला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि सुरुवात केली. पार लग्नापासून. पहिल्याच वर्षी भावाच्या मुंजीला माहेरी धाडलं नाही, ते. दुसऱ्या वर्षी तिला न विचारता तिच्या बापानं दिलेली म्हैस विकली, ते. माझ्या आईच्या दुखण्यात ती सात महिने उठबस करत होती आणि मी पाहुण्यांना सांगत होतो की आईचं मी करतो, तेही. मी मधे एकदा म्हटलं की म्हशीचं तसं नव्हतं. तिनं हात वर करून मला थांबवलं. तिचा आवाज चढलेला होता. तो इतका चढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि पलीकडे शिडीवर बसलेल्या सिस्टरलाही तो नक्की ऐकू जात असणार.

दीड वाजला, दोन वाजले. आत भात निवला. आम्ही अजून लग्नानंतरच्या चौथ्या वर्षातच होतो, सुगंधा जन्मायची होती. मी म्हटलं, जेवून घेऊया, मग पुढचं सांग.

"आधी आयका," ती म्हणाली.

मी ऐकत बसलो.